मेंबर बदलला, नोंदीचं काय?

मेनफ्रेमवरच्या कुठल्याही जुन्या लायब्ररीची मेंबर लिस्ट उघडा. डावीकडे नावं असतात, त्यांच्यापुढे आवृत्ती, तयार केल्याची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ, ओळींची संख्या आणि बदल करणाऱ्याचा युजर-आयडी. पण मधूनच एखाद्या नावापुढे सगळे रकाने कोरे दिसतात. नवखा मुलगा विचारतो, हा मेंबर रिकामा आहे का? रिकामा मुळीच नसतो. त्यात हजारभर ओळी असतील आणि रोज रात्रीची बॅच त्याच ओळी वाचून चालत असेल. ज्या प्रोग्रामनं तो मेंबर लिहिला त्यानं मजकूर तेवढा लिहिला आणि नोंद तशीच सोडून दिली, एवढाच त्याचा अर्थ.

हे पुस्तक त्या कोऱ्या रकान्यांबद्दल आहे. कोऱ्या रकान्यांहून वाईट असे भरलेले पण खोटे रकाने असतात, त्यांच्याबद्दलही आहे. लेखक माझा जुना सहकारी, मूळचा परतवाड्याचा. त्याचं बाड चिखलदऱ्याला आलं तेव्हा इथे पाऊस लागलेला होता, लाईट येऊन-जाऊन होती आणि नेटवर्कचं नाव घ्यायची सोय नव्हती. मॅन्युअल उघडून पडताळायची संधी नसल्यामुळे मला त्याच्या शब्दावर विसंबून वाचावं लागलं. त्याचा एक फायदा झाला. जिथे त्याचं म्हणणं पटलं नाही तिथे कागदावर बाइट मांडून बघावे लागले, आणि बहुतेक ठिकाणी तोच बरोबर निघाला.

विषय लहान वाटतो. डेटासेटमधला मेंबर प्रोग्राममधून कसा बदलायचा आणि डिरेक्टरीतली त्याची नोंद कशी नीट ठेवायची, बस. पण मजकूर आणि नोंद या दोन गोष्टी डिस्कवर दोन निरनिराळ्या जागी लिहिल्या जातात, आणि त्या एकमेकींशी जुळत्या ठेवणं हे यंत्र स्वतःचं काम मानत नाही. अमरावतीच्या एका वर्गात मी हे सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, डिरेक्टरी त सिस्टीमच अपडेट करते न?" करते. पण किती करते आणि कुठे थांबते, हे कळायला सगळं पुस्तक वाचावं लागेल.

थोडं मागे जाऊ. आयबीएमनं १९६४ साली सिस्टीम/३६० जाहीर केली. तिच्यासाठी जी ओएस/३६० लिहिली गेली तिच्यात पार्टिशन्ड डेटासेट हा प्रकार आला. धंद्यात त्याला सगळे पीडीएस म्हणतात. त्याच्यामागचं कारण काटकसरीचं होतं. डिस्कवर डेटासेटला कमीत कमी एक अख्खा ट्रॅक द्यावा लागतो. तेव्हाच्या २३११ डिस्कच्या एका पॅकवर सारे सव्वासात मेगाबाइट मावायचे. पन्नास ओळींच्या प्रत्येक प्रोग्रामला वेगळा ट्रॅक दिला असता तर पॅक दुपारपर्यंत भरला असता. म्हणून एकाच डेटासेटच्या पोटात अनेक मेंबर ठेवायचे, आणि कोणता मेंबर कुठे सुरू होतो हे सांगणारी डिरेक्टरी सुरुवातीलाच ठेवायची, अशी योजना झाली. आजही जगभरच्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे जेसीएल, कोबॉल सोर्स, कॉपीबुक आणि कंट्रोल कार्ड याच रचनेत पडून आहेत.

डिरेक्टरी म्हणजे २५६ बाइटच्या ब्लॉकांची रांग. प्रत्येक ब्लॉकचे पहिले दोन बाइट त्या ब्लॉकमध्ये किती जागा भरली आहे ते सांगतात. राहिलेल्या २५४ बाइटमध्ये नोंदी बसतात, नावाच्या क्रमानं, आणि एक नोंद दोन ब्लॉकांत तोडता येत नाही. क्रम इबीसीडीआयसीचा असल्यामुळे अक्षरं आधी आणि आकडे नंतर येतात. पीसीवर शिकून आलेला माणूस इथे पहिल्यांदा अडखळतो. शेवटच्या नोंदीत नावाच्या जागी आठही बाइट एफएफ असतात, म्हणजे पुढे शोधू नका.

नोंदीत आठ बाइटचं नाव, तीन बाइटचा पत्ता आणि एक बाइट माहितीचा, असे बारा बाइट सक्तीचे. पत्त्याला टीटीआर म्हणतात: डेटासेटच्या सुरुवातीपासून कितवा ट्रॅक आणि त्या ट्रॅकवरचा कितवा ब्लॉक. माहितीच्या बाइटमधला पहिला बिट हे नाव मूळ की टोपणनाव ते सांगतो, आणि शेवटचे पाच बिट पुढे किती अर्धशब्द जादा मजकूर आहे ते सांगतात. पाच बिटांत ३१ पर्यंत मोजता येतं आणि अर्धशब्द दोन बाइटचा, म्हणून जादा मजकूर ६२ बाइटच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

या जादा मजकुरात काय आहे याची सिस्टीमला पर्वा नसते. लिंकेज एडिटर तिथे लोड मॉड्यूलचे गुणधर्म ठेवतो. आयएसपीएफचा एडिटर तिथे आपली आकडेवारी ठेवतो, आणि मेंबर लिस्टमध्ये आपल्याला दिसते ती हीच. म्हणजे ज्या रकान्यांवर आपण इतका विश्वास टाकतो ते ऑपरेटिंग सिस्टीमनं भरलेले नसतात. दुसऱ्या एका प्रोग्रामनं, त्याच्या सोयीनं, मोकळ्या सोडलेल्या जागेत लिहिलेली ती टिपणं आहेत. लेखकानं हे तिसऱ्या प्रकरणात सांगितलं आहे. माझं मत विचारलंत तर पहिल्याच पानावर यायला हवं होतं.

आयएसपीएफची ही टिपणं ३० बाइटची असतात. एक नमुना घेऊ. पहिले दोन बाइट ०१ आणि ०७: आवृत्ती एक, सातव्यांदा बदललेली. मग एक खुणांचा बाइट आणि एक सेकंदांचा. नंतर चार बाइट ०११९०३२एफ. यातला ०१ शतकाचा, १९ वर्षाचा, ०३२ वर्षातल्या दिवसाचा, आणि शेवटचा एफ चिन्हाचा. म्हणजे मेंबर १ फेब्रुवारी २०१९ ला तयार झाला. पुढचे चार ०१२४१८३एफ. २०२४ लीप वर्ष होतं, तेव्हा १८३ वा दिवस १ जुलै. मग १८४२, म्हणजे पावणेसातच्या सुमाराची वेळ, जशी दिसते तशीच. त्यानंतर ०११८. इथे मात्र डोळा फसतो. तारीख-वेळ पॅक्ड दशमानात असतात, पण ओळींची संख्या द्विमानात. ०११८ म्हणजे ११८ ओळी नव्हेत, २८० ओळी. एकाच तीस बाइटच्या तुकड्यात दोन पद्धती नांदतात. स्वतःच्या असेंब्लर प्रोग्राममधून नोंद घडवणाऱ्याने एक पद्धत धरून सगळे आकडे भरले की लिस्टमध्ये भलतीच संख्या उमटते आणि प्रोग्राम मात्र शून्य कोड देऊन खुशीत संपतो.

तारखेतल्या त्या ०१ वर थोडं थांबतो. जुन्या शतकात तिथे ०० असायचं. ३१ डिसेंबर १९९९ ची तारीख ००९९३६५एफ अशी पडायची आणि दुसऱ्या दिवसाची ०१००००१एफ. शतकासाठी जागा आधीपासून राखलेली होती, म्हणून हा भाग फारशा कटकटीविना पार पडला. पण या आकडेवारीवरून स्वतःचे रिपोर्ट काढणाऱ्या ज्या घरगुती प्रोग्रामांनी पहिला बाइट सोडून पुढचे दोनच आकडे उचलले होते त्यांच्या याद्यांत २००० सालचे मेंबर सगळ्यात जुने म्हणून वर जाऊन बसले. वायटूके वायटूके म्हणून आपली एक अख्खी पिढी ज्याच्यावर परदेशी गेली, त्याचा हा अगदी बारका मासला.

आता मूळ प्रश्न. प्रोग्राममधून मेंबर बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वाटा दोन आहेत.

पहिली वाट जागच्या जागी बदलायची. डेटासेट अपडेटसाठी उघडायचा, ब्लॉक वाचायचा, त्यातले बाइट बदलायचे, तोच ब्लॉक तिथेच परत लिहायचा. ब्लॉकची लांबी बदलता येत नाही, रेकॉर्ड वाढवता किंवा घटवता येत नाहीत. कंट्रोल कार्डातली तारीख बदलण्यासारख्या कामाला ही वाट सरळ आणि झटपट. आणि हिच्यातच ग्यानबाची मेख आहे. पत्ता बदलत नाही, म्हणून डिरेक्टरीला हात लागत नाही. मजकूर आज बदलला तरी मेंबर लिस्ट तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी आयडी दाखवत राहते. कोरा रकाना निदान 'मला माहीत नाही' म्हणतो. हा रकाना ठामपणे चूक सांगतो.

दुसरी वाट नवीन लिहायची. मेंबरचा सगळा मजकूर डेटासेटच्या शेवटी, मोकळ्या जागेत, नव्यानं लिहायचा आणि मग डिरेक्टरीतल्या नोंदीचा पत्ता तिकडे वळवायचा. हा पत्ता वळवण्याचं काम स्टो नावाचा मॅक्रो करतो. नवं नाव घालणं, जुनी नोंद बदलणं, नाव बदलणं, नोंद काढून टाकणं, सगळं त्याच्याच हाती. जुना मजकूर जागेवर तसाच पडलेला असतो, फक्त त्याच्याकडे जाणारा रस्ता उरत नाही. म्हणून मजकूर लिहिता लिहिता, स्टोपर्यंत पोचण्याआधीच प्रोग्राम बंद पडला, तर बाकीच्या जगाला जुना मेंबर शाबूत दिसतो. साठच्या दशकातल्या रचनेत ही सुरक्षितता किती स्वस्तात मिळाली आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आपल्याकडे ज्याचा शेतीशी संबंध आला आहे त्याला हे नवीन नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झालं, पैसे चुकते झाले, ताबाही मिळाला, तरी सातबारा आपोआप बदलत नाही. तलाठ्यानं गाव नमुना सहामध्ये फेरफार धरावा लागतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस राहतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं ही व्यवस्था कलम १५० मध्ये घालून दिली आहे. चिखलदऱ्याच्या तहसिलीत काय आणि अकोल्याच्या तहसिलीत काय, खरेदीखत आणि फेरफार या दोन घटना आहेत हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पाटबंधाऱ्याचा मोबदला आला किंवा पीककर्जाला बँकेत गेला की खत कपाटात आणि नाव आजोबांचं, याचा अर्थ त्याला कळतो. पीडीएसमध्ये स्टो म्हणजे तो फेरफार. फरक एवढाच की इथे हरकतीची मुदत नाही आणि नोटीसही नाही. ज्याच्या हाती लिहिण्याचा अधिकार त्यानं लिहिलं की झालं.

स्टो परतताना कोड देतो. शून्य म्हणजे झालं. चार म्हणजे नवं घालायला गेलात पण नाव आधीच आहे. आठ म्हणजे नाव सापडलं नाही. बारा म्हणजे डिरेक्टरीत जागा नाही. यातला आठ हा फसवा. नोंद बदलायला सांगितलं आणि त्या नावाची नोंद मुळात नव्हती, तर स्टो नवी नोंद घालून टाकतो आणि आठ देतो. काम झालेलं असतं. पण 'शून्य नाही म्हणजे बिघडलं' अशा ठोक नियमानं लिहिलेला प्रोग्राम तिथे जॉब पाडतो, ऑपरेटर तो परत सोडतो, दुसऱ्या खेपेला नोंद असते म्हणून शून्य येतो, आणि पहाटेच्या पाळीत 'काही नाही, दुसऱ्यांदा चालला' असं रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. पुस्तकातलं या एका कोडवरचं टिपण तीन पानांचं आहे आणि तीनही पानं सत्कारणी लागली आहेत.

बाराच्या कोडाची कथा वेगळी. जेसीएलमध्ये जागा मागताना तिसरा आकडा डिरेक्टरीच्या ब्लॉकांचा असतो, आणि पीडीएस एकदा तयार झाली की तो वाढवता येत नाही. नवी मोठी लायब्ररी करून सगळं तिच्यात हलवावं लागतं. आता हिशेब करा. नुसती बारा बाइटची नोंद असेल तर २५४ बाइटमध्ये २१ नोंदी मावतात. आयएसपीएफची तीस बाइटची आकडेवारी जोडली की नोंद ४२ बाइटची होते आणि ब्लॉकमध्ये सहाच मावतात. एकवीसवरून सहा. कुणीतरी शिस्तीचा माणूस येतो, जुन्या लायब्ररीतले कोरे रकाने त्याला खटकतात, तो सगळ्या मेंबरांना आकडेवारी चिकटवणारा प्रोग्राम लिहितो. मजकुराच्या एकाही ओळीला त्याचा हात लागत नाही, डेटासेटमध्ये ट्रॅक रिकामे पडलेले असतात, आणि तरीही मध्येच डिरेक्टरी भरते. निम्मे मेंबर नटलेले, निम्मे तसेच. हे त्याला समजावून सांगणं सोपं नसतं, कारण जागा तर आहे ना, असंच तो पुन्हा पुन्हा म्हणतो.

टोपणनावांचंही असंच. एका मेंबरला अनेक टोपणनावं असू शकतात आणि पीडीएसमध्ये प्रत्येकाची डिरेक्टरीत स्वतंत्र नोंद असते, तोच पत्ता घेऊन. मूळ नाव नव्या पत्त्यावर वळवलं तरी टोपणनावं जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहतात. मूळ नावानं बोलावलं तर आजचा मजकूर, टोपणनावानं बोलावलं तर कालचा. प्रत्येक टोपणनावासाठी स्टो वेगळा करावा लागतो. हे करायला विसरलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं चालतात, कारण टोपणनावानं हाक मारणारा जॉब वर्षातून एकदा, मार्चअखेरीला उठतो.

मागे पडून राहिलेल्या जुन्या मजकुराची जागा आपोआप मोकळी होत नाही. बदल होत जातात तशी लायब्ररी फुगते आणि एके दिवशी ई३७ नं जॉब पडतो. मग आयईबीकॉपीनं ती दाबून घ्यायची. दाबताना मेंबर एकामागोमाग पुढे सरकवले जातात आणि मध्येच यंत्र बंद पडलं तर लायब्ररीचं काय होईल ते सांगता येत नाही. आधी बॅकअप, मग कॉम्प्रेस. एवढं सांगून लेखक पुढे जातो आणि मीही जातो.

अर्थात सगळ्यांनीच असेंब्लरमध्ये उतरायला पाहिजे असं नाही. रेक्समधला एक्झेकआयओ मेंबर सहज लिहितो. कोबॉल प्रोग्रामही डीडी कार्डात मेंबरचं नाव दिलं की लिहितो, आणि फाईल बंद होताना सिस्टीम त्याच्या वतीनं स्टो करते. मागच्या बाकावरच्या मुलाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण ही नोंद बारा बाइटची असते. आधीची आकडेवारी तिच्यात येत नाही, पुसली जाते. सुरुवातीला सांगितलेल्या कोऱ्या रकान्यांपैकी बहुतेकांचा जन्म असा झालेला असतो.

ज्यांना आकडेवारी जपायची आहे त्यांच्यासाठी आयएसपीएफनं लायब्ररी सेवा दिल्या आहेत. एलएमइनिटनं डेटासेटशी ओळख करायची, एलएमओपननं उघडायचा, एलएमपुटनं एकेक ओळ घालायची, एलएमएमरेपनं नोंद बदलायची, एलएमक्लोज आणि एलएमफ्रीनं आवरायचं. आणि ज्याच्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं असं मला वाटतं तो एलएमएमस्टॅट्स: मजकुराला न शिवता नुसती नोंद लिहिणारी सेवा. आवृत्ती, तयार झाल्याची तारीख, बदलाची तारीख-वेळ, ओळी, युजर, सगळं देता येतं. नको असेल तर आकडेवारी पुसताही येते. रेक्समधून आयएसपीएक्झेक, कोबॉल किंवा पीएल/वनमधून आयएसपीलिंक. बॅचमध्ये चालवायचं तर टीएसओ उभा करून त्यात आयएसपीएफ सुरू करावा लागतो आणि त्याचे डीडी जोडावे लागतात. हे डीडी जोडण्यात पहिला दिवस जातो, हे लेखकानं मोकळेपणानं लिहिलं आहे. मॅन्युअल ते लिहीत नाही.

शिस्तीचा प्रोग्राम कसा असावा? आधी एलएमएमफाइंडनं जुनी नोंद वाचून घ्यावी. तयार केल्याची तारीख आणि सुरुवातीच्या ओळी तशाच ठेवाव्यात, बदलाचा आकडा एकानं वाढवावा (९९ च्या पुढे तो जात नाही, तिथे थांबावं), बदलाची तारीख आणि वेळ आत्ताची घालावी. युजरच्या जागी काय लिहावं यावर लेखकाचं आणि माझं पटत नाही. तो म्हणतो, ज्या माणसाच्या विनंतीवरून बदल झाला त्याचा आयडी लिहावा, म्हणजे उद्या विचारायला माणूस सापडतो. मी म्हणतो, बदल प्रोग्रामनं केला आहे, तर बॅचचाच आयडी असावा. त्या रकान्यात माणसाचं नाव आलं की वाचणारा समजतो, त्यानं एडिटर उघडून, वाचून, विचार करून बदललं. हे त्याच्या माथी मारणं आहे. पुस्तक त्याचं आहे, म्हणून त्याची पद्धत छापली आहे. वाचकानं दोन्ही बाजू ऐकून ठरवावं.

हा वाद पोकळ नाही, कारण एलएमएमस्टॅट्सला कुठलीही तारीख आणि कुणाचंही नाव चालतं. डेटासेटवर लिहिण्याचा अधिकार असला की पुरे. मी काम केलेल्या एका ठिकाणी ऑडिटर मेंबर लिस्टचे प्रिंटआउट काढून फाईलला लावायचे आणि 'बदल कोणी केला' या रकान्यासमोर त्यातलं नाव उतरवून घ्यायचे. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे नाव म्हणजे मेंबर लिहिणाऱ्यानं स्वतःबद्दल केलेलं निवेदन आहे. खरा माग एसएमएफच्या नोंदींत असतो. डेटासेट लिहिण्यासाठी कोणत्या जॉबनं उघडला ते १५ क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये सापडतं, आणि ४२ क्रमांकाच्या काही उपप्रकारांत मेंबर बदलल्याची, वगळल्याची नोंद राहते. तिथे कुणाला मागची तारीख घालता येत नाही. मग डिरेक्टरीतली आकडेवारी जपायची कशाला, असं कुणी विचारेल. कारण रोजचं काम तिच्यावर चालतं. काल रात्री काय हललं हे बघायला कोणी एसएमएफ उपसत बसत नाही, मेंबर लिस्ट तारखेनं लावतो आणि वरची पाच नावं बघतो.

कुलपांबद्दल मात्र पुस्तकात आणखी हवं होतं. जॉबनं डेटासेट शेअर म्हणून घेतला, दोन प्रोग्राम एकाच वेळी त्याच पीडीएसच्या शेवटी लिहू लागले, तर दोघांचे मजकूर एकमेकांत मिसळू शकतात. एडिटर स्वतः एसपीएफएडिट या नावाखाली, ४४ अक्षरांचं डेटासेटचं नाव आणि त्याला जोडून आठ अक्षरांचं मेंबरचं नाव, असं कुलूप लावतो. तुमचा प्रोग्राम जर तेच कुलूप त्याच नावानं मागणार नसेल, तर कुणी मेंबर उघडून बसलेला असताना तुम्ही खालून बदलून जाता, आणि तो सेव्ह करतो तेव्हा तुमचा बदल पुसला जातो. दोघांनाही चूक दिसत नाही. नावात एक रिकामी जागा कमी पडली तरी कुलूप वेगळं ठरतं. लेखकानं हे अर्ध्या पानात उरकलं आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवावं असा माझा आग्रह आहे.

पीडीएसई ही नंतरची रचना यातली बरीच दुखणी दूर करते. डिरेक्टरी लागेल तशी वाढते, मोकळी जागा पुन्हा वापरात येते, कॉम्प्रेसची गरज राहत नाही, वेगवेगळे मेंबर एकाच वेळी लिहिता येतात. मग जुन्याचं पुराण कशाला? कारण जुन्या लायब्रऱ्या अजून आहेत, आणि पीडीएसईमध्येही आकडेवारी त्याच तीस बाइटांत, त्याच सवयीनं लिहिली जाते. युजर-आयडीची जागा तेवढी अपुरी पडू लागली. टीएसओचा आयडी पूर्वी सात अक्षरांचा असायचा, २०१७ च्या झेड/ओएस २.३ पासून आठ अक्षरांचा चालतो. सातच अक्षरं उचलणारे घरगुती प्रोग्राम आता शेवटचं अक्षर खातात.

हे सगळं मराठीत का, असा प्रश्न प्रकाशकांनाही पडला होता. मोठ्या यंत्रांशी आपला संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टीआयएफआरएसी १९६० मध्ये चालू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला. टाटा कन्सल्टन्सी १९६८ ची. त्याच सुमारास आयुर्विमा महामंडळातले कर्मचारी संगणकाविरुद्ध रस्त्यावर उतरत होते आणि १९६९ मध्ये केंद्र सरकारनं स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष वि. म. दांडेकर, 'दांडेकर-रथ' या जोडनावानं दारिद्र्याच्या अभ्यासासाठी आपल्याला माहीत असलेले. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. म्हणजे संगणकानं नोकऱ्या जातील की नाही हा वाद मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाला आणि पुढच्या पिढीनं त्याच संगणकावर पोट भरलं. आयबीएम १९७८ मध्ये देशातून गेली, तिची इथली यंत्रं सांभाळायला सीएमसी पुढे आली. पटनी कॉम्प्युटर त्याच वर्षीची, इन्फोसिसची नोंदणी १९८१ मध्ये पुण्यात झाली. या सगळ्यांनी मिळून मेनफ्रेम चालवणाऱ्यांची फौज तयार केली. पण त्या फौजेनं आपल्या भाषेत लिहून ठेवलेलं तंत्र शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं. जे शिकलं ते शेजारच्या खुर्चीवरून शेजारच्या खुर्चीवर गेलं आणि खुर्ची रिकामी झाली की संपलं.

वऱ्हाडातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचं, शेगाव आणि बडनेऱ्याची महाविद्यालयं १९८३ ची. त्यातल्या कित्येकांची मेनफ्रेमशी पहिली गाठ हिंजवडीच्या ट्रेनिंग रूममध्येच पडते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, उंदराचा पत्ता नाही. त्यांना इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नाही असं नाही. पण मॅन्युअल प्रत्येक सेवेचं वर्णन सुटं सुटं करतं, एक दुसरीला कुठे भिडते ते सांगत नाही. स्टोचा आठ, ब्लॉकमधल्या सहा नोंदी, टोपणनावाचा जुना पत्ता, एसपीएफएडिटचं कुलूप ही चार वेगवेगळ्या पुस्तकांतली माहिती आहे आणि एका रात्रीच्या एका जॉबमध्ये ती सगळी एकदम समोर येते. ती एका जागी, आपल्या बोलण्यात आणणं, हे या पुस्तकाचं काम.

वाचताना पहिली तीन प्रकरणं गाळू नका, ती कंटाळवाणी असली तरी. चौथ्यापासून प्रोग्राम सुरू होतात आणि ते सगळे चाचणीच्या लायब्ररीवर चालवायचे आहेत. स्वतःच्या आयडीखाली एक लहान पीडीएस करा, डिरेक्टरीला मुद्दाम एकच ब्लॉक द्या, आणि आकडेवारीसह सातवा मेंबर घालून पाहा.

चिखलदरा